हिरडीवरचं बोट

मावशी दारातून आत आल्या की आधी कोणाशी बोलत नसत. चपला काढायच्या, पिशवी खुंटीला अडकवायची आणि सरळ बेसिनपाशी जायचं. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि साबण लावून हात धुवायचे ते थेट कोपरापर्यंत, तेही दोनदा. टॉवेल पुढे केला तर नको म्हणायच्या. ओले हात वाऱ्यावर वाळवत, उजव्या हाताचं पहिलं बोट उभं धरून त्या खोलीत यायच्या, तेव्हा उत्तर येत असलेल्या शाळेतल्या मुलीसारख्या दिसायच्या. त्यानंतर त्या बोटाने कशालाही शिवायचं नाही. दार लोटायचं, पंखा बंद करायचा, खुर्ची सरकवायची, ती सगळी कामं आमची. त्या बोटाचं नख इतकं खोल कापलेलं असे की बघताना आपल्याच बोटाला दुखल्यासारखं व्हावं.

पाटावर बसल्या की बाळाला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "पाव्हनं, दार उघडा." आणि काय सांगू, आमची नात, जी चमचा बघून तोंड घट्ट मिटायची, ती त्यांच्यापुढे तोंड उघडायची. मग ते बोट हिरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरायचं. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ जरा पुढे आलेले. असं वाटायचं की आत काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे आणि मावशी ते वाचताहेत. त्यांना अक्षर येत नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हा त्यांचा धंदा. पण सोसायटीत त्यांना सगळे बोटवाल्या मावशी म्हणत. पोराला दात यायला लागले, ते रडायला, चावायला, लाळेने गळा भिजवायला लागलं की ज्यांच्याकडे न्हाऊ घालायला त्या जात नसत अशाही घरांतून त्यांना बोलावणं यायचं. त्या बोटाने हिरडी अशा काही दाबायच्या की किंचाळणारं पोर मधेच थांबून विचारात पडायचं.

मावशी जुन्या वाघोलीच्याच. आता आमच्या बिल्डिंगा जिथे उभ्या आहेत तिथे त्या लग्न होऊन आल्या तेव्हा शेतं होती. आमच्या सोसायट्यांची ती लांबलचक इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, आणि बसवायची त्यांना इच्छाही नव्हती. कुठे काय पिकत होतं त्यावरून त्या पत्ता सांगायच्या. आम्ही हरभऱ्यात. रस्त्यापलीकडचे दोन टॉवर ज्वारीत. मंगल कार्यालयाच्या मागची नवी इमारत म्हणजे कांदा. "आज येळ झाला आजी. ज्वारीतल्या जुळ्यांला धा मिंटं जादा लागली," असं म्हणत त्या यायच्या. मी त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असेन, पण नातीमुळे त्यांच्या लेखी मी आजी.

मी इथे आले ती नातीसाठी. त्याआधी उभा जन्म पुण्यातल्या बुधवार पेठेत गेला. आमच्या ह्यांचं पुस्तकबांधणीचं लहानसं दुकान होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण शिवायला आलेली पुस्तकं घरी यायची आणि पोळ्या झाल्या की मी ती वाचत बसायचे. ज्योतिष, पाकक्रिया, कायदा, घरगुती औषधं, समोर येईल ते. त्यामुळे मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं, आणि थोडं येणाऱ्या माणसाला असतो तसा भरपूर आत्मविश्वासही होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्याशी गाठ आहे.

सून ऋजुता खराडीला एका कंपनीत. मुलगा निखिल तसल्याच दुसऱ्या कंपनीत. नातीचं नाव सई. सहा महिन्यांनी ऋजुता कामावर जायला लागली आणि त्याच सुमारास सईच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या. हाताला येईल ते तोंडात. माझा पदर, बापाचं घड्याळ, एकदा तर मावशींच्या पिशवीचा बंद. लाळेरी दिवसाला आठ-दहा लागत. ऋजुताने फोनवरून मागवलेली रबरी खेळणी फ्रिजमध्ये गार करायला ठेवलेली असत. फ्रिज उघडला की दुधाशेजारी एक निळा हत्ती आपल्याकडे बघायचा. निखिल म्हणायचा, "आई, हत्तीला भाजीच्या कप्प्यात तरी टाक, मला दचकायला होतं."

मी माझं शहाणपण काढलं. टाकणखार फुलवून मधात कालवला आणि वाटी तयार ठेवली. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांच्या हिरड्यांना तोच चोळलेला. मावशींनी वाटीचा वास घेतला. "ह्ये कुनी मागितलं?"

"मागितलं कोणी नाही. दात सुलभ येतात त्याने."

"ज्येच्या पोटात जायचं त्येनं मागितलंय का?" असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने वाटी उचलून माझ्याच हातात दिली. "मध न्हाई, खार न्हाई, गोळ्या न्हाई. वरीस होऊ द्या. मग घाला काय घालायचं त्ये."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण मग त्यांनी मला जे शिकवलं ते अजून हातात आहे. जुन्या मऊ सुती पातळाचा हातभर तुकडा उकळून घ्यायचा, उकळून माठात गार केलेल्या पाण्यात बुडवून पिळायचा, एका टोकाला मूठभर गाठ मारायची आणि गाठ बाळाच्या तोंडात, दुसरं टोक आपल्या मुठीत. "दुसरं टोक सोडायचं न्हाई. पोर झोपलं तर फडकं काढून घ्यायचं." माझं एक जांभळं पातळ त्यात संपलं. निळा हत्ती फ्रिजमध्ये तसाच राहिला.

दातांचा अंदाज त्या पंचांगासारखा सांगायच्या. "खालचा डावा. फुगलाय, पन अजून खोल हाय. अमुशा जाऊ द्या." वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, असं माझ्या मनात होतं. मी चारदा विचारलं. मावशी म्हणाल्या, "मामा कुठं असतो?" मी सांगितलं, कॅनडात. "मग एवढ्या लांब काय जड जातंय."

आता त्या दिवसाचं सांगते.

ऋजुता दोन दिवसांसाठी बंगलोरला गेली होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. जाताना तिने कागदावर सगळं लिहून दिलं आणि मी तो कागद न वाचता घडी करून ठेवला. दोन मुलं वाढवलेल्या बाईला कागद कसला देता. पहिल्याच दुपारपासून सईला पातळ जुलाब सुरू झाले. संध्याकाळी अंग कोमट लागलं. माझ्या डोळ्यांपुढे ताबडतोब छापील पान उभं राहिलं. घरगुती औषधांचं ते पुस्तक मी स्वतः शिवलं होतं. दात येताना ताप, जुलाब, किरकिर, घाबरू नये, असं त्यात होतं. पान डाव्या बाजूचं होतं, तेसुद्धा आठवत होतं. ऋजुताचा फोन आला तर मी म्हटलं, "काही नाही गं, दात येतायत. तू तुझं काम कर." निखिललाही तेच. रात्र कशीबशी गेली. सकाळी सई रडायची थांबली, तेव्हा मला वाटलं, चला, बरं वाटतंय. निखिलला मीच कामावर पाठवलं.

दहाच्या सुमारास मावशी आल्या. हात धुतले, बोट उभं धरून आल्या आणि पाटावर न बसता सईच्या पाळण्याशीच थांबल्या. पोराने मान वळवली नाही. मावशींनी "दार उघडा" म्हटलं नाही. स्वतःच ओठ हलकेच बाजूला करून बोट फिरवलं. मग बोट बाहेर काढून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"लाळ न्हाई," त्या म्हणाल्या.

"काल फार गळली, म्हणून असेल."

"दात अजून खोल हाय. पंदरा दिस तरी येत न्हाई. मग ह्यो ताप कुनाचा?"

"मावशी, दाताचाच. पुस्तकात आहे तसं."

त्यांनी डावा हात सईच्या टाळूवर ठेवला. नंतर माझा हात धरून तिथे नेला. टाळू आत बसलेली होती. बशीच्या खोलगट भागावर बोट ठेवावं तशी.

"लंगोट किती भिजले?"

मी म्हटलं, "आता ते डायपर असतात, कळत नाही तेवढं."

"मुतली कवा?"

मला आठवेना. खरंच आठवेना. काल संध्याकाळी, असं काहीतरी म्हणाले.

"चला," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात."

आणि मी काय म्हणावं? त्या वेळेला, तसल्या वेळेला माझ्या तोंडून आलं, "मावशी, मी दोन मुलं वाढवली आहेत हो."

त्यांनी सईला दुपट्यात गुंडाळून उचलून घेतलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी चार जन्माला घातली. वाढली तीन. चपला घाला."

मी चपला घातल्या.

नगर रस्त्याची ती गर्दी मी कधी विसरणार नाही. रिक्षात मावशी सईच्या गालाला बोट लावून सारखं बोलत होत्या, "पाव्हनं, झोपायचं न्हाई. पाव्हनं, ह्यो बगा टेम्पो. आता आमचा बाजरीचा बांध आला बगा," आणि बाहेर तर फर्निचरचं दुकान होतं. मी देवाचं नाव घेत होते आणि मधेच ते डाव्या बाजूचं पान आठवत होते.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि लगेच नर्सला हाक मारली. अंगातलं पाणी संपत आलं होतं. दाताने असे जुलाब होत नाहीत, आजी, असं ती सलाईन लावता लावता म्हणाली, रागावून नाही, पण मला वाटायचं ते वाटलंच. आणखी थोडा वेळ घरी ठेवलं असतं तर, असं तिने वाक्य सुरू केलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिथेच सोडलं.

निखिल आला, तो ऋजुताशी फोनवर बोलला. मावशी त्या दिवशी कांद्यात गेल्या नाहीत की ज्वारीत गेल्या नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. दुपारी सईने डायपर भिजवला आणि नर्सने येऊन ते सांगितलं, तेव्हा मावशींनी पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "आठ म्हैन्यांचा. सगळी म्हनली, दात येत्यात. सासू म्हनली, वैद्य म्हनला. मीबी म्हनले. तीन दिस. नंतर... त्येला न्यायच्या आदी मी तोंडात बोट घालून बगितलं. हिरडी कोरी व्हती, आजी. कुठंबी दात नव्हता. उगाच त्या बिचाऱ्या दाताचं नाव झालं."

तर ते बोट तिथून आलेलं होतं. दोनदा धुतलेलं, नख कापलेलं. आम्ही सोसायटीतल्या बायका समजत होतो की ही काही पिढीजात कला आहे.

ऋजुता मिळेल त्या विमानाने संध्याकाळी आली. बॅग दारातच टाकून तिने सईला जवळ घेतलं, सलाईनची नळी सांभाळत. बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही फोनवर दात म्हणालात मला." एवढंच. मी "हो" म्हटलं. तिने त्या दिवशी मला दुसरा शब्द बोलून दाखवला नाही, आणि मला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

सई तिसऱ्या दिवशी घरी आली. पण घरात काहीतरी बदललं. ऋजुता घरूनच काम करू लागली. लॅपटॉप हॉलमध्ये, पाळण्याशेजारी. मी सईला उचललं की तिचं टायपिंग थांबायचं. पाळणाघरांची चौकशी चालली आहे, हे मला निखिलच्या चेहऱ्यावरून कळलं. ती चूक होती असं मी म्हणत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मी इथे आले होते ती एवढ्यासाठीच, आणि तेच माझ्या हातून चाललं होतं. बुधवारातली खोली आम्ही सोडलेली. स्वयंपाकघरात उभी राहून मी उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे.

मावशी हे सगळं बघत होत्या. सोळा-सतरा दिवसांनी एका सकाळी त्यांनी सईचं तोंड तपासलं. बोट एका जागी थांबलं. पुन्हा फिरलं, पुन्हा तिथेच थांबलं. मी म्हटलं, "काय हो, आला का?" ऋजुता तेव्हा आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती.

मावशी नुसत्या हसल्या. सईला न्हाऊ घातलं, धुरी दिली, पिशवी घेतली. दारात माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "संध्याकाळी सूनबाईंला म्हना, चमच्यानं पानी पाजा. स्टीलच्या. तुमी ताट-वाटी काय वाजवू नगा."

"अहो, आला असेल तर सांगू की तिला."

"न्हाई. दात आईला सापडला पायजे."

संध्याकाळी मी जमेल तितक्या साध्या आवाजात ऋजुताला म्हटलं, "जरा सईला पाणी पाजतेस का, माझे हात कणकेचे आहेत." आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिले. चमचा तोंडात गेला आणि टिक् असा आवाज झाला. एवढासा. ऋजुता थांबली. पुन्हा चमचा लावला. टिक्. मग ती ज्या आवाजात "आई" म्हणाली, तो आवाज तोवर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "आई, इकडे या, ऐका."

मी कणकेच्या हातांनीच गेले. तिने चमचा माझ्याकडे दिला नाही, माझं मनगट धरून माझं बोट नळाखाली नेलं, साबण लावला, नख बघितलं, मग म्हणाली, "आता बघा." तांदळाच्या कणीएवढं टोक होतं. खालचा डावा.

पाळणाघराचं नाव त्यानंतर निघालं नाही. पुढच्या सोमवारी ती खराडीला गेली, आणि जाताना कागद देऊन गेली. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पहिली ओळ होती, डायपर किती भिजले ते लिहून ठेवणे.

मावशींनी काम सोडलं ते सई चार वर्षांची असताना. कोणाशी भांडण नाही, कसली तक्रार नाही. एक दिवस कांद्यातल्या एका बाळाच्या तोंडात बोट घालताना त्यांचा हात थरथरला, एवढंच. त्यांनी तिथल्या तिथे हात धुतला आणि घरी गेल्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "हात हालायला लागला की लेकराच्या तोंडापाशी न्यायचा न्हाई." मी म्हटलं, एवढंसं तर थरथरतं. "एवढ्याशा हिरडीला एवढंसं लई होतं," त्या म्हणाल्या, आणि विषय संपवला.

सई पहिलीत गेली आणि तिचा तोच दात हलायला लागला. खालचा डावा. तिने हट्ट धरला की हे बोटवाल्या आजींना दाखवायचं. गेलो. गावठाणातलं घर, पुढे पत्र्याची पडवी, मावशी खाटेवर बसलेल्या. तोवर त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. सईने निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचे सगळे पडले? मग नवीन कधी येणार?"

"अमुशा जाऊ द्या," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. त्यांची नातसून चहा ठेवायला आत गेली होती, ती बघायला बाहेर आली.

मग मावशी उठल्या. भिंतीला धरत पडवीच्या कोपऱ्यातल्या नळापाशी गेल्या, बांगड्या सारल्या, कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. परत आल्या तेव्हा ते बोट उभं होतं आणि थरथरत होतं. सईने आपणहून तोंड उघडलं. मावशींनी बोटाकडे बघितलं, सईकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"आजी," मला म्हणाल्या, "तुमी धुऊन या."

मी धुऊन आले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात हलत होता, पण धरलेला माझा हात हलत नव्हता, कसं ते मला सांगता येणार नाही. "दाबायचं न्हाई. नुसतं ठेवायचं. त्यो सांगतो." डोळे मिटा, म्हणाल्या. मी मिटले. "काय म्हनतोय?"

"परवा," मी म्हटलं.

"उद्या," मावशी म्हणाल्या. माझ्या बोटातून त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना तो पडला.

त्या पावसाळ्यात मावशी गेल्या. बातमी घेऊन त्यांचा नातू आला, तेव्हा मी सईच्या वेण्या घालत होते. तशीच गेले. कांद्यातल्या, ज्वारीतल्या कितीतरी बायका कडेवर, बोटाशी पोरं घेऊन पडवीत उभ्या होत्या. कितीतरी पोरांच्या दातांना पहिलं त्यांचंच बोट लागलं होतं, आणि त्यातल्या एकालाही ते आठवणार नव्हतं.

आता सोसायटीत कधी कधी माझ्या दाराची बेल वाजते. रडवेलं पोर, त्याहून रडवेली आई. "आजी, दात येतायत वाटतं." मी आधी डायपर विचारते, मग टाळू बघते. काही कमी-जास्त वाटलं तर चपला घालते आणि तिलाही घालायला लावते. सगळं ठीक असलं तरच बेसिनपाशी जाते. उजव्या हाताच्या त्या बोटाचं नख मी दर रविवारी कापते. ऋजुता म्हणते, आई, रक्त निघेल एक दिवस.

परवा चौथ्या मजल्यावरच्या एका पोराची हिरडी बघितली. खालचा उजवा, बोटाला बारीक टोचला. त्याची आई समोर श्वास रोखून उभी होती. मी फडकं ओलं करून गाठ मारून दिली, दुसरं टोक सोडायचं नाही म्हणून बजावलं आणि निघाले. दारात थांबून तिला म्हटलं, "संध्याकाळी जरा त्याला चमच्याने पाणी पाज. स्टीलच्या."